प्रयोगाआधी खाद्याची पिशवी तपासा: कोकणातील प्राणी नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
संस्थात्मक प्राणी नैतिकता समित्या,
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालये

विषय: प्रिझर्वेटिव्हचा हार्मोनसारखा परिणाम तपासणाऱ्या प्राणीप्रयोगांच्या प्रस्तावांबाबत

सन्माननीय सदस्यहो,

कोकम सिरप, आंब्याचा पल्प, लोणची, खोकल्याची औषधे, आयुर्वेदिक काढे. आपल्या किनारपट्टीवरच्या घरांत आणि लघुउद्योगांत प्रिझर्वेटिव्ह रोजचेच आहेत. ते शरीरात स्त्री-हार्मोनसारखे वागतात का, हा प्रश्न फार्मसीच्या विद्यार्थ्याला पडतो, आणि पडायलाच हवा. या प्रश्नावर कोकणात काम व्हावे असे आम्हाला मनापासून वाटते. आमची काळजी वेगळीच आहे. अशा प्रयोगांचा आराखडा बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो: वयात आलेल्या मादी रॅटचे दोन गट, प्रत्येकी सहा, अठ्ठावीस दिवस तोंडावाटे सोडियम बेंझोएट, शेवटी गर्भाशय, यकृत आणि मूत्रपिंडाचे वजन. या आराखड्यातून उत्तर मिळत नाही. आकडे मात्र मिळतात, त्यातला एखादा योगायोगाने फुगलेला असतो, आणि तोच पुढे ‘सिद्ध झाले’ म्हणून फिरतो. ज्या प्रयोगातून ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे निघू शकत नाहीत, त्याच्या फॉर्म बीवर, म्हणजे प्राणीप्रयोगाच्या परवानगी अर्जावर, कृपया सही करू नका. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

आधी हा साचा का फसतो ते सांगतो. वयात आलेल्या रॅटचे ऋतुचक्र चार ते पाच दिवसांचे असते. प्रोइस्ट्रसच्या, म्हणजे अंडे सुटण्याच्या आधीच्या, दिवशी गर्भाशय द्रवाने टम्म फुगलेले असते, डायइस्ट्रसला, म्हणजे चक्राच्या शांत टप्प्यात, तेच बारीक झालेले असते. एकाच पिंजऱ्यातल्या दोन निरोगी माद्यांत, कोणतेही रसायन न देता, वजनात दुपटीहून अधिक फरक पडू शकतो. मग सहा-सहाच्या गटांत प्रिझर्वेटिव्हचा बारीक परिणाम दिसणार कसा? म्हणूनच गर्भाशय-वाढ चाचणी, म्हणजे युटेरोट्रॉफिक चाचणी, अशा मादीवर करतात जिच्या अंगात स्वतःचे इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, जवळजवळ नसते. एक तर वयात न आलेले पिल्लू, नाही तर अंडाशय काढलेली मादी. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २००७ ची मार्गदर्शिका क्रमांक ४४० याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या बाहेर जाऊन केलेल्या प्रयोगाला ‘हार्मोन-चाचणी’ हे नाव देऊ नये.

आता पदार्थाबद्दल. हार्मोनसारख्या परिणामाची शंका ज्यांच्याबाबत खरी आहे ते पॅराबेन, म्हणजे पॅराहायड्रॉक्सीबेंझोइक आम्लाची एस्टरे: मिथाइल, इथाइल, प्रोपिल, ब्युटाइल. १९९८ मध्ये रूटलेज, सम्पटर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये दाखवले की ही चारही यीस्टमधल्या मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला, चाळवतात, आणि एस्टरचे शेपूट (मिथाइलपासून ब्युटाइलपर्यंत) जितके लांब तितका जोर जास्त. सर्वांत जोरदार ब्युटाइलपॅराबेन, तरीही ते शरीरातल्या मूळ इस्ट्रोजेनपेक्षा, म्हणजे इस्ट्राडायोलपेक्षा, दहा हजार पटींनी दुबळे. रॅटमध्ये कातडीखाली टोचले तेव्हा ब्युटाइलपॅराबेनने गर्भाशय वाढवले, तोंडावाटे दिले तेव्हा नाही. या विषयातला जवळजवळ सगळा पुढचा वाद या एका फरकाभोवती फिरतो. त्याकडे नंतर येतो.

सोडियम बेंझोएटची गोष्ट निराळी आहे. इस्ट्राडायोलच्या एका टोकाला फिनॉलचे, म्हणजे हायड्रॉक्सिल गट लागलेले, वलय असते, पॅराबेनमध्येही तेच असते, आणि रिसेप्टर पकडतो ते प्रामुख्याने त्यालाच. बेंझोएटच्या वलयावर तो हायड्रॉक्सिल गटच नाही. त्यामुळे कोकम सिरपमध्ये बेंझोएट असते, एवढ्या कारणावरून त्याची इस्ट्रोजेन-चाचणी तीस रॅटवर करणे म्हणजे जिथे शंकेला जागा कमी तिथे जीव खर्च करणे. कोकमात बेंझोएटच का वापरतात हेही विद्यार्थ्यांना विचारा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकले तर कोकमाचा लाल रंग फिका पडतो, आणि कोकमाच्या आंबटपणात बेंझोएट उत्तम चालते, म्हणून. जुन्या फळ उत्पादने आदेशापासून सिरप-स्क्वॅशसाठी चालत आलेली मर्यादा बेंझोइक आम्लाच्या हिशेबात ६०० पीपीएम, म्हणजे किलोमागे ६०० मिलिग्रॅम, आहे. एकास चार पाणी घालून सरबत केले की ती १२० पीपीएमवर येते. २०० मिलिलिटरच्या पेल्यात झाले सुमारे २४ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला किलोमागे १.६ मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समिती जेक्फाने २०२१ मध्ये बेंझोएटसाठी दिलेली रोजची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत आहे. छोट्या कारखान्यात खरी चूक होते ती बॅचमध्ये अंदाजाने चमचा टाकण्यात. ६०० पीपीएम बेंझोइक आम्लासाठी किलोमागे साधारण ०.७१ ग्रॅम सोडियम बेंझोएट लागते. ते वजनकाट्यावर तोलले जाते का, हे तपासायला रॅट लागत नाहीत, साधे टायट्रेशन पुरते.

पॅराबेन आपल्याकडे जास्त आढळतात ते पातळ औषधांत. मिथाइल ०.१८ टक्के आणि प्रोपिल ०.०२ टक्के ही फार्मसीतली जुनी जोडी. दहा मिलिलिटरच्या मात्रेत १८ मिलिग्रॅम मिथाइल आणि २ मिलिग्रॅम प्रोपिल जाते. प्रोपिलपॅराबेनचा प्रश्न जगात अजून मिटलेला नाही: जेक्फाने २००६ मध्ये त्याला पॅराबेनच्या सामाईक मर्यादेतून बाहेर काढले, युरोपने अन्नातून हटवले, कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून २०२७ पासून अन्नातला वापर थांबवायचे ठरवले. प्रस्तावाला निवडीचे कारण हवे असेल तर ते इथे आहे.

कायद्याचा एक मुद्दा समितीच्या टेबलावर कायम असावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१४ मध्ये १४८-सी हा नियम आला, आणि भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी झाली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही ती कायम आहे. प्रस्तावाचे शीर्षक ‘बाजारातील क्रीममधील पॅराबेनचा रॅटवरील परिणाम’ असे असेल तर तो तिथेच थांबवावा. ‘क्रीम’ खोडून ‘मलम’ लिहिल्याने हेतू बदलत नाही. क्रीमवर काम करायचे असेल तर ते पेशींवर किंवा यीस्टवर करावे, आणि ते काम कमी दर्जाचे मुळीच नाही.

किंबहुना आमचे म्हणणे असे की यीस्टची पायरी ओलांडल्याशिवाय कोणताही प्रस्ताव रॅटपर्यंत पोहोचूच नये. ही चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही झेपते. मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरचे जनुक घातलेले बेकर्स यीस्ट, ९६ खळग्यांची प्लेट, पिवळ्यापासून लाल होणारा सीपीआरजी रंग, ३२ अंशांचा इनक्युबेटर, तीन-चार दिवस. रंग ५४० नॅनोमीटरला वाचायचा आणि यीस्टची वाढ ६२० ला. दुसरे वाचन बरेच जण गाळतात, आणि प्रिझर्वेटिव्ह तपासताना तेच गाळून चालत नाही. पॅराबेन बुरशीनाशक आहेत. जास्त मात्रेला ते यीस्टलाच मारतात, रंग येत नाही, आणि ‘परिणाम नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. गढूळपणा कमी झाला असेल तर त्या खळग्याचा निकाल धरायचाच नाही. दुसरी चूक द्रावकाची. इथेनॉल खळग्यात टाकून पूर्ण उडू द्यावे, मग यीस्ट घालावे. इस्ट्राडायोलची ओळ नमुन्याच्या ओळीला खेटून ठेवू नये, कारण त्याचा अंशही शेजारी सरकला तर शेजारी लाल होतो. रंग आलाच तर ४-हायड्रॉक्सीटॅमोक्सिफेन हे इस्ट्रोजेन रिसेप्टर अडवणारे रसायन घालून तो दबतो का पाहावे. दबला तर परिणाम रिसेप्टरमधून आला आहे, नाही तर रंग दुसऱ्या कशाने आला आहे. या पायरीवर पदार्थ शांत राहिला आणि शरीरात मोडल्यावर त्यातून जास्त जोरदार रसायन बनेल अशी शंकाही नसली, तर इस्ट्रोजेनसाठी रॅटची गरज उरत नाही.

आता रॅट. पिल्लू की अंडाशय काढलेली मादी? पिल्लाला शस्त्रक्रिया लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण वयाची खिडकी अरुंद आहे. जन्मानंतर १८ व्या दिवसाआधी सुरुवात नको, आणि २५ व्या दिवसापूर्वी सगळे आटपायला हवे, नाही तर पिल्लाचे स्वतःचे हार्मोन जागे होते. जन्मतारीख एका दिवसाने जरी चुकली तरी प्रयोग डळमळतो. घाटावरच्या नोंदणीकृत केंद्रातून आईसह पिल्ले आणायची, कशेडी नाही तर आंबा घाट उतरायचा, मग त्यांना स्थिरावायला वेळ द्यायचा, तोवर निम्मी खिडकी बंद झालेली असते. म्हणून स्वतःच्या प्राणिगृहात पैदास आणि रोजची नोंद असेल तरच पिल्लांचा मार्ग घ्यावा. नसेल तर सहा ते आठ आठवड्यांच्या माद्यांची अंडाशये काढावीत, आणि ती शस्त्रक्रिया ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच करावी, पुरेशा वेदनाशामकासह. त्यानंतर किमान १४ दिवस थांबावे. अंडाशयाचा बारीकसा तुकडा जरी राहिला तरी ती मादी प्रयोगाच्या कामाची नाही. तो राहिला की नाही हे योनीच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या पेशींच्या नमुन्यात, कळते. सलग पाच दिवस स्मिअर पाहावा, चक्र दिसले तर मादी वगळावी, आणि वगळल्याची नोंद ठेवावी.

इथून पुढचा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि कोकणासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे: प्राण्याच्या भोवती काय आहे. इस्ट्रोजेन बाटलीतून येते तसे ते खाद्यातूनही येते.

प्रयोगशाळेतल्या रॅटच्या अनेक तयार खाद्यांत प्रथिनांसाठी सोयापेंड असते. सोयातील जेनिस्टीन आणि डायड्झीन ही वनस्पतिज इस्ट्रोजेने, आणि त्यांचे प्रमाण पिकाच्या जातीप्रमाणे, बॅचप्रमाणे बदलते. मार्गदर्शिकेची अपेक्षा आहे की खाद्यात ती सर्व मिळून जेनिस्टीनच्या हिशेबात ग्रॅममागे ३५० मायक्रोग्रॅमच्या खाली असावीत. पिशवीवरच्या लेबलावर हा आकडा नसतो. तो एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, काढून घ्यावा लागतो, प्रत्येक बॅचचा. प्रयोगाच्या मध्यावर बॅच बदलू नये. केसीनवरचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचे, खाद्य स्वतः मिसळणे हा चांगला पर्याय आहे, पण तिथेही डोळे उघडे ठेवावेत: एआयएन-९३जी या प्रचलित सूत्रात तेल खवट होऊ नये म्हणून टीबीएचक्यू किलोमागे १४ मिलिग्रॅम घातलेले असते. प्रिझर्वेटिव्हच्या प्रयोगात खाद्यातूनच दुसरे प्रिझर्वेटिव्ह जाते आहे, हे निदान माहीत तरी हवे. पिल्लांवर प्रयोग असेल तर हेच खाद्य त्यांच्या आईलाही दिलेले असावे, कारण पिल्ले दूध सुटण्याआधीच आईच्या खाद्याला तोंड लावतात.

मग आपला पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा ८५ टक्के आर्द्रतेच्या वर असते, आणि प्राणिगृहात ती ३० ते ७० टक्के हवी, तापमान २२ अंश, तीन कमी-जास्त. नुसत्या एसीने हे साधत नाही. एसी खोली गार करतो, बंद पडला की भिंतींना ओल सुटते. वेगळा डिह्युमिडिफायर हवा, आणि रोज दोनदा लिहिलेली आर्द्रतेची वही हवी. दमट कोठीत ठेवलेल्या धान्याच्या खाद्याला बुरशी लागते. मका आणि गव्हावरची फ्युझेरियम बुरशी झीअरालेनोन नावाचे विष तयार करते, आणि ते सरळसरळ इस्ट्रोजेनसारखे काम करते. पॅराबेनपेक्षा कितीतरी जोरात. पावसाळ्यात उघड्या पोत्यातले खाद्य घातलेल्या रॅटचे गर्भाशय वाढले तर ते कशाने वाढले, हे नंतर कोणीही सांगू शकणार नाही. खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर, कोरड्या थंड खोलीत ठेवावे, आणि जेनिस्टीनसोबत झीअरालेनोनही तपासून घ्यावे. शक्य असेल तर हा प्रयोग डिसेंबर ते मार्चमध्येच ठेवा. शैक्षणिक वेळापत्रकाला हे गैरसोयीचे आहे याची जाणीव आहे, तरीही.

बेडिंगसाठी, म्हणजे पिंजऱ्यात खाली पसरायला, मक्याच्या सोललेल्या कणसाचा चुरा वापरू नये. त्यातले काही घटक हार्मोनच्या चक्रात ढवळाढवळ करतात हे प्रसिद्ध झालेले आहे. आपल्याकडे भाताचे तूस मुबलक. ते नीट वाळवून, चाळून, ऑटोक्लेव्ह करून वापरले तर चालते, पण ओले तूस म्हणजे पुन्हा बुरशीच. पिंजरे पॉलिप्रॉपिलिनचे आणि पाण्याच्या बाटल्या काचेच्या असाव्यात. पॉलिकार्बोनेट जुने झाले, तीव्र साबणाने घासले गेले की त्यातून बिस्फिनॉल-ए सुटते. अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत अशाच खराब झालेल्या पिंजऱ्यांमुळे नियंत्रण गटातल्या माद्यांच्या अंडपेशींत गुणसूत्रांचे दोष दिसू लागले होते. जिथे काहीच द्यायचे नव्हते, तिथेच परिणाम झाला. आणखी एक बाब विजेची: दिवे बारा तास चालू, बारा तास बंद असे टायमरवर असतात. वीज गेली-आली की साधा टायमर मागे पडतो, आणि रात्रीच्या मध्यावर उजेड होतो. बॅटरीवर वेळ राखणारा टायमर फार महाग नाही.

खाद्य, तूस, पिंजरे हे सगळे बरोबर आहे की नाही, हे शेवटी नियंत्रण गटच सांगतो. ज्यांना फक्त तेल दिले त्या पिल्लांचे गर्भाशय शरीराच्या वजनाच्या ०.०९ टक्क्यांच्या खाली असायला हवे, अंडाशय काढलेल्या मादीत ०.०४ टक्क्यांच्या. ५० ग्रॅमच्या पिल्लात ४५ मिलिग्रॅम, २५० ग्रॅमच्या मादीत १०० मिलिग्रॅम. आकडा याच्या वर गेला तर इस्ट्रोजेन कुठून तरी येते आहे, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मात्रेची तयारी. ब्युटाइल किंवा प्रोपिलपॅराबेन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून तेल लागते. दुकानातले रिफाइंड तेल नको, त्यात बहुधा टीबीएचक्यू असते. प्रिझर्वेटिव्ह नसलेले शेंगदाणा किंवा मक्याचे तेल घ्यावे. खोबरेल घरचे, शुद्ध, हाताशी असले तरी ते टाळावे. २४ अंशांच्या खाली ते थिजते, आणि प्राणिगृह २२ अंशांवर असते. मात्रा किलोमागे ६०० मिलिग्रॅम आणि आकारमान किलोमागे ५ मिलिलिटर धरले तर द्रावण मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे हवे. ४० ग्रॅमच्या पिल्लाला त्यातले ०.२ मिलिलिटर जाईल. मार्गदर्शिकेची कमाल मर्यादा किलोमागे दिवसाला १००० मिलिग्रॅम. रोज वजन करून रोज नवे आकारमान काढायचे, सलग किमान तीन दिवस, रोज त्याच वेळी. मात्रा इतकीही नको की प्राणी खाणे सोडेल: अंगाचे वजन घसरले की गर्भाशयाची वाढही खुंटते, आणि खरा परिणाम झाकला जातो.

गट किती? तेलाचा एक, पदार्थाच्या तीन मात्रांचे तीन, आणि ज्ञात इस्ट्रोजेनचा, म्हणजे इथिनिलइस्ट्राडायोलचा, एक. प्रत्येकी किमान सहा, एकूण तीस. या शेवटच्या गटाशिवाय आलेला प्रस्ताव परत पाठवावा. ज्या प्रयोगशाळेला इथिनिलइस्ट्राडायोलचा परिणाम पकडता येत नाही, तिने ‘पॅराबेनचा परिणाम नाही’ म्हणण्याला काही आधार नाही. त्याची मात्रा मायक्रोग्रॅमच्या अंशात असते. किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम द्यायचे तर द्रावण मिलिलिटरला ०.०६ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या साठ्यापासून सोळा हजार पटींहून अधिक पातळ. हे एका दमात होत नाही, तीन टप्प्यांत करावे लागते, प्रत्येक टप्प्याला नवा पिपेट. आणि देण्याचा क्रम नेहमी तेलाच्या गटापासून सुरू करून इथिनिलइस्ट्राडायोलवर संपवावा, सुई वेगळी, हातमोजे वेगळे. एकाच गॅव्हाज सुईने (तोंडावाटे थेट पोटात मात्रा सोडणाऱ्या बोथट सुईने) आधी हार्मोन आणि मग नियंत्रण गट केला की तो गट गेला. एका आईची सगळी पिल्ले एकाच गटात टाकू नयेत, ती सर्व गटांत वाटावीत. नाही तर आईचा फरक औषधाचा फरक म्हणून मोजला जातो.

शेवटच्या मात्रेनंतर २४ तासांनी विच्छेदन. इथे हाताचे कौशल्य निकाल ठरवते. गर्भाशय अलगद उचलून मूत्राशय, चरबी आणि पडदे काढायचे, योनी गर्भाशयमुखाच्या लगेच खाली कापायची, अंडनलिकेजवळ अंडाशय सुटे करायचे, आणि आतला द्रव सांडू द्यायचा नाही. पहिले वजन द्रवासह. मग गर्भाशयाच्या दोन फाट्यांपैकी, म्हणजे शिंगांपैकी, प्रत्येकाला छेद देऊन, ओलसर गाळणकागदावर हलके दाबून, दुसरे वजन. काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. ३० मिलिग्रॅमचा तुकडा पंख्याखाली बघता बघता सुकतो, म्हणून तो ओल्या कागदाच्या झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवायचा आणि पंखा बंद. सकाळी पहिला गट, दुपारी पाचवा, असे करू नये. प्रत्येक गटातला एक-एक असा फेर धरावा. कापणाऱ्याला आणि तोलणाऱ्याला गट माहीत नसावा, पिंजऱ्यावर फक्त सांकेतिक क्रमांक. चरबीचा एक कण ठेवायचा की काढायचा, हा निर्णय मनात गट ठाऊक असला की नकळत झुकतो. हिशेबात शरीराचे वजन सहचल, म्हणजे सोबत हिशेबात धरायचा घटक, म्हणून घ्यावे, वजनांचे लॉग घ्यावे, आणि सगळ्या मात्रांची तुलना एकाच तेलाच्या गटाशी डनेट पद्धतीने करावी. जोड्या-जोड्यांच्या टी-टेस्टचा ढीग नको.

आता तोंड आणि कातडीचा तो फरक. पॅराबेन पोटातून गेले की आतडे आणि यकृतातली एस्टरेज विकरे ते तोडून पॅराहायड्रॉक्सीबेंझोइक आम्ल करतात, आणि एस्टरची शेपटी गेली की जोरही जातो. कातडीखाली टोचलेले पॅराबेन या चाळणीला वळसा घालून रक्तात पोहोचते. म्हणून खाण्याच्या प्रिझर्वेटिव्हसाठी गॅव्हाज हाच मुख्य मार्ग असावा. कातडीखालचा मार्ग घ्यायचा तर ‘या रेणूत अंगभूत जोर आहे का’ एवढ्याच प्रश्नासाठी, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहून. दुसऱ्या बाजूने, तोंडावाटे ‘काही नाही’ दिसले म्हणून माणसालाही काही नाही, असे लगेच म्हणता येत नाही. रॅटच्या रक्तद्रवात कार्बॉक्सिलएस्टरेज हे पॅराबेन तोडणारे विकर असते, माणसाच्या रक्तद्रवात ते नसते. रॅट आपल्यापेक्षा पॅराबेन लवकर मोडतो. रक्तातली न मोडलेल्या पॅराबेनची पातळी मोजली तरच हा दुवा जुळतो. ती मोजताना काम करणाऱ्यांनी हाताला क्रीम लावू नये, साबणही पॅराबेनविरहित असावा, आणि रिकाम्या नमुन्यांचे, म्हणजे ज्यांत रक्त किंवा ऊती नाही अशांचे, वाचन सोबत द्यावे. २००४ मध्ये डार्ब्रे यांनी स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेन मोजले, तेव्हा रिकाम्या नमुन्यांतही ते आढळले होते. शेजारच्या निरोगी ऊतीशी तुलनाही त्यात नव्हती. तरीही ‘पॅराबेनमुळे कर्करोग’ हे वाक्य जगभर गेले.

गर्भाशय-चाचणीचा आवाका इस्ट्रोजेन रिसेप्टरपुरता आहे, हेही अहवालात यावे. नरांबद्दल ती काही सांगत नाही. टोकियोच्या ओइशी यांना २००१-०२ मध्ये ब्युटाइल आणि प्रोपिलपॅराबेन खाल्लेल्या कोवळ्या नर रॅटमध्ये शुक्राणू घटलेले दिसले. २००८ मध्ये होबरमन आणि सहकाऱ्यांनी ब्युटाइल व मिथाइलपॅराबेनवर तसाच प्रयोग जीएलपी, म्हणजे प्रयोगशाळेच्या चांगल्या कार्यपद्धतीच्या, शिस्तीत केला, आणि घट दिसली नाही. तुमच्या विद्यार्थ्याला या वादात भर घालायची असेल तर तिसरा अर्धवट प्रयोग उपयोगाचा नाही. पुरुष-हार्मोनसाठी मार्गदर्शिका ४४१ ची हर्शबर्गर चाचणी वेगळी आहे: खच्ची केलेल्या नरांवर दहा दिवस. तिचा प्रस्ताव वेगळाच यावा.

मासळीवर काम करणाऱ्या संस्थांसाठी दोनच शब्द. नर माशाच्या यकृतात व्हिटेलोजेनिन, म्हणजे अंड्याच्या बलकाचे प्रथिन, तयार होते का, ही एकवीस दिवसांची चाचणी चांगली आहे आणि झेब्राफिशवर करता येते. पण २६ अंशांच्या टाकीत नळ्यांवर जमलेले जिवाणू पॅराबेन खाऊन टाकतात. टाकीत किती टाकले हा आकडा चालणार नाही, पाण्यात प्रत्यक्ष किती उरले ते आठवड्यातून किमान एकदा मोजलेले हवे.

आमची मागणी थोडकी आहे. तिन्ही जिल्ह्यांतल्या समित्यांनी मिळून खाद्याची एक बॅच, तिची एकच तपासणी आणि पैदाशीची एक वसाहत ठरवावी, म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्रपणे तीस-तीस रॅट वापरून तीच चूक करायला नको. प्रस्तावासोबत यीस्टचा निकाल, खाद्याचा जेनिस्टीन व झीअरालेनोन अहवाल, मागच्या पावसाळ्यातली आर्द्रतेची वही आणि इथिनिलइस्ट्राडायोलचा गट या चार गोष्टी नसतील तर तो चर्चेलाच घेऊ नये. ‘परिणाम आढळला नाही’ हा निकालही विभागाच्या ग्रंथालयात आकड्यांसकट ठेवण्याची अट मान्यतेतच घालावी. अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा बाजारपेठेकडे जाणारा कोणताही निष्कर्ष त्यानंतर जीएलपी प्रमाणित प्रयोगशाळेतून पडताळून घ्यावा.

येत्या सत्राचे प्रस्ताव मागवण्याआधी, खाद्याची मागणी नोंदवण्याच्या वेळीच, हा विषय बैठकीच्या पत्रिकेवर घ्यावा. खाद्याचा नमुना कसा काढायचा, यीस्टच्या प्लेटची मांडणी आणि विच्छेदनाचा सराव, या तिन्हींसाठी आम्ही कोणत्याही महाविद्यालयात विनामूल्य यायला तयार आहोत.

आपले,
औषधशास्त्र व विषशास्त्र शिकवणारे आणि प्राणिगृहांत काम करणारे काही जण
रत्नागिरी व सिंधुदुर्ग